न कोसळलेला उतार

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हा तुमची ही नात जन्मालाही आली नव्हती. आता ती दर हिवाळ्यात पायांना स्की बांधून हिमाचलातल्या डोंगरांत जाते, जिथे रस्ता नाही की वस्ती नाही. आणि मी रेवदंड्याच्या आपल्या वाडीत घाम पुसत फोनवर तिकडच्या हिमस्खलनाचा इशारा वाचत असते. पिवळा असला की दिवस बरा जातो, नारिंगी असला की घास उतरत नाही. नवा बर्फ किती पडला, वाऱ्याने तो कुठल्या उतारावर नेऊन साठवला, हे मला आता कळायला लागलंय. कळायला लागल्यापासून जास्तच भीती वाटते.

गेल्या आठवड्यात तिकडे बरेच दिवस बर्फ पडून उघडलं होतं. ती आणि तिचे तीन सोबती एक खिंड ओलांडणार होते. इशारा नारिंगी. "आई, उद्या फोन लागणार नाही, घाबरू नकोस," एवढंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अलिबागच्या ऑफिसात मी एकच कागद पुन्हा पुन्हा वाचत बसले. संध्याकाळी अचानक तिचाच फोन आला.

"आम्ही परत आलो गं. मीच परतवलं सगळ्यांना." खिंडीखालच्या उतारापाशी तिने बर्फात खड्डा खणून पाहिला होता. वर वाऱ्याने दाबलेला कडक थर, आणि त्याच्या खाली जाड्या मिठासारखा सुटा, भुसभुशीत बर्फ. ती पुढे सरकली तर पायाखालून घुम्म असा आवाज आला आणि आजूबाजूचा बर्फ जरासा खाली बसला. असा थर कधीही सुटून कोसळतो, म्हणून तिने मागे वळायला सांगितलं. सोबती म्हणाले, आकाश निळं आहे, एवढ्या लांबून आलोय. ती हटली नाही. "आणि आई, दुपारी दुसरे लोक तिथूनच गेले. काही झालं नाही त्यांना. आता इथे कोणी माझ्याशी धड बोलत नाहीये. उगाच घाबरले का गं मी?"

अप्पा, मला एकदम राजपुरीचा धक्का दिसला. तुम्ही आमच्या वर्गाला समुद्रातला किल्ला दाखवायला नेलंय. शिडाची होडी समोर उभी आहे. तुम्ही बराच वेळ पाण्याकडे बघताय आणि म्हणताय, आज जायचं नाही. नाखवा म्हणतो, "मास्तर, दर्या शांत हाय, बसवा पोरांना." तुम्ही मान हलवता. दुसऱ्या शाळेची मुलं हसत जातात, हसत परत येतात. घरी येताना मी रडून म्हटलं, तुमच्यामुळे सगळे मला चिडवतात. तुम्ही कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवलात. "चिडवायला सगळे जाग्यावर आहेत ना? मग चिडवू देत." रात्री जेवताना तुम्ही दोनदा उठून वारा बघून आलात. तुम्हालाही खात्री नव्हती, हे मला या फोननंतर उमगलं.

मी तिला तुमची ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजोबांना नंतर कधी कळलं का, ते बरोबर होते की नाही?" मी म्हटलं, "नाही गं. कधीच नाही." तेव्हा ती रडली, आणि मग झोपायला गेली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा निघतेय. जाऊ नकोस, हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. हे ज्याला लिहावं असं तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही. एक गोष्ट मात्र तिला सांगितलेली नाही. रोज सकाळी मी त्या खिंडीची बातमी शोधते. तो उतार कोसळावा, असं मला वाटतं, अप्पा. खाली कोणी नसताना.