होडीची गादी

हर्णे, ९ नोव्हेंबर १९८६

— त्या सकाळी चूल पेटवली, पेज ठेवली, अंगणात सडा घातला आणि ह्यांची गादी झटकायला गेले. हे अजून तिच्यावरच! हाक मारली. दुसरी मारली. म्हटलं, भरती थांबायची नाही. उठलेच नाहीत. तीन वर्षं झाली. गादी खाटेवर तशीच आहे. मी खाली चटईवर निजते.

आज आठवलं ते होडीमुळे. किनाऱ्यावर ओढताना तिचा तळ गोट्यांवर घासतो. हमीदभाई सुतारांनी बोट लावून दाखवलं — फळी पापडाएवढी उरलीय. खाली तेल लावलेले ओंडके घालून होडी सरकवायची असते. पण आमचे ओंडके, ह्यांच्या मागे होडी चालवणाऱ्या महिपतभावोजींनी पावसात चुलीत घातले! वर म्हणतात, "भोक पडलं की विकून टाकणार, वहिनी." होडी ह्यांनी बांधून घेतलेली. तेवढीच राहिलीय.

११ नोव्हेंबर

साखरेच्या पुडीचा कागद वाचला. मी अक्षरं पुड्यांवरच शिकले. काचेचं सामान गवतात ठेवून पाठवलं की तडकत नाही, असं त्यात होतं. म्हटलं, होडीखालीही असंच काही मऊ हवं. मग खाटेवरची गादी गुंडाळली आणि डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर गेले.

होडी गादीवर आली — आवाजसुद्धा नाही! मासळी विकणाऱ्या गोदूबाईने होडीकडे बघत विचारलं, बाळंतीण बरी आहे ना.

१२ नोव्हेंबर

गादी कुंपणावर वाळत घातली. शेजारची विमला रस्त्यावरून मुद्दाम मोठ्याने, "काय गो, तुझी होडी अजून अंथरूण भिजवते?"

१३ नोव्हेंबर

वाळली नाही. तशीच अंथरली.

१४ नोव्हेंबर

फजिती! गादी पाणी पिऊन म्हशीएवढी झाली आणि होडी तिच्यात रुतून बसली. भरती आली, बाकीच्या होड्या गेल्या. अकरा माणसं लावली तरी आमची हलेना. हमीदभाई घाम पुसत म्हणाले, "वहिनी, हिला गादी सोडवत नाही." सगळे हसले. मीही हसले, मग तोंडाला पदर लावला. ह्यांनाही सोडवत नसे. रोज हाताला धरून उठवायची.

शेवटी होडी सुटली, गादी फाटली. कापूस लाटांवर पांढरा पांढरा. कावळे चोचीत घेऊन गेले. भावोजी म्हणाले, खेळ पुरे झाला, परवा गिऱ्हाईक आणतो.

१६ नोव्हेंबर

गिऱ्हाईक आलं, पण किनाऱ्यावर होडी नव्हती.

काल मी खाट मोडली. तिच्या चौकटीची चार लाकडं हमीदभाईंकडून गोल करून घेतली, मुशी माशाचं तेल चोळलं आणि आज पहाटे होडीखाली घातली. भावोजी चढले. होडी एका हाकेत उठली.