डाव्या पोटरीवरचा अंगठा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला बोलायचंय ते त्या बाळंतिणीच्या पायाबद्दल.

कबनूरच्या आपल्या पत्र्याच्या घरात तू मागाच्या कारखान्यातून सुताच्या कांड्या भरून परतायचीस तेव्हा दारात कुणीतरी बसलेलंच असायचं. कुणाची कंबर धरलेली, कुणाची मान आखडलेली. एरवी आपल्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायका तुझ्यासमोर चटईवर पालथ्या पडायच्या. तू पाठ चाचपत जायचीस, एका जागी थांबायचीस, आणि त्या म्हणायच्या, "हां, तितंच." तुझं बघूनच मी कोल्हापूरला फिजिओथेरपी शिकायला गेले. तिसऱ्या वर्षापर्यंत मला स्नायूंची सगळी नावं पाठ झाली होती आणि तुझं चोळणं जरा अडाणीपणाचं वाटायला लागलं होतं. हे तुला कळलं होतं.

त्या वर्षीच्या सुट्टीत मी घरी असताना एका सकाळी मागच्या गल्लीतली म्हातारी आपल्या सुनेला घेऊन आली. बाळंत होऊन दहा-बारा दिवस झालेली, डावा पाय ओढत चाललेली. "पोटरीत गोळा आलाय, चोळून दे," म्हातारी म्हणाली. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, "मी बघते." तिला पालथं झोपवते, तेल घेते, पोटरीत अंगठा रोवते. ती कळवळते. मी डॉक्टरीणबाईच्या थाटात सांगते, "थोडं दुखणारच." तू पीठ लागलेल्या हातांनी उठून येतेस. आधी तिच्या उजव्या पोटरीला मनगटाची मागची बाजू लावतेस, मग डाव्या. डावी तापलेली, ताणून चकाकणारी. ते मला दिसलं होतं, पण मी थांबले नव्हते.

"हात काढ."

"अगं आई, क्रॅम्प आहे."

"हात काढ म्हनते न्हवं. पाय बगितलास, बाई कुटं बगितलीस? ओली बाळंतीन हाय ती."

म्हातारी चिडली. "चोळायला आनलंय, दवाखान्यात न्यायचं आसतं तर तुज्याकडं कशाला आलो आसतो?" तू तिच्याशी वाद घातला नाहीस. सुनेला उठू दिलं नाहीस, शेजाऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलंस. रिक्षा येईपर्यंत मी भिंतीला टेकून तिच्या छातीकडे बघत होते. श्वास वर-खाली होतोय ना, एवढंच. पुस्तकातलं ते पान आता डोळ्यांसमोर आलं होतं: शिरेत रक्ताची गाठ, दाबलं तर सुटून फुप्फुसात. माझा अंगठा तेलानं अजून चिकट होता.

इचलकरंजीच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले. गाठच होती. "कुणी चोळलं हिला?" त्यांनी विचारलं. म्हातारी आपल्या दोघींकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं की नाही, आठवत नाही. तू म्हणालीस, "मी चोळलं, सायेब. उलिसं, जरासंच." मग सगळ्यांसमोर ते तुला बोलले. तुम्हा लोकांमुळं पोरी मरतात, म्हणाले. तू पदर सारखा करत ऐकून घेतलंस. मी तुझ्या मागे उभी होते.

पोरगी वाचली, कितीतरी महिने औषधं चालली. पण म्हातारीनं डॉक्टरांचं ते बोलणं गल्लीभर सांगितलं, आणि आपलं दार बरेच दिवस रिकामं राहिलं. मी एकदाच विचारलं, का खोटं बोललीस म्हणून. "माजं काय जातंय? तुजं आजून सुरू व्हायचंय की," म्हणालीस आणि कांदा चिरायला बसलीस.

आता मी शिकवते. दरवर्षी नव्या मुलांना बाळंतिणीची पोटरी समजावताना हीच गोष्ट सांगते. मुलं श्वास रोखून ऐकतात. त्या गोष्टीत चोळणारी एक अडाणी बाई असते, आणि "हात काढ" म्हणणारी मी असते. पहिल्यांदा घाबरून तसं सांगितलं, पुढं तेच तोंडात बसलं.

तुला वाचता येत नव्हतं. तरी तू असतीस तर हा कागद कुणाकडून तरी वाचून घेतला असतास. वाचणाऱ्याला खरं कळलं असतं, म्हणून मग मी तो लिहिलाच नसता.