सोळा ओळी, उभ्यानं

५ जानेवारी
डोणगावहून मेहकरला डॉक्टरांकडे. आडवा असताना बीपी एकशे चाळीस, उभं राहताच ऐंशी. आपोआप चालणाऱ्या नसांचा कारभार बिघडलाय म्हणाले. उभं राहिलं की रक्त पायातच थांबतं. पटत नाही. सातवीत गुरुजींनी फळ्यापाशी उभं करून झऱ्याची कविता म्हणायला लावली, तेव्हाही गरगरलं होतं. ही भावना आहे. मशीनला काय कळतं?

८ जानेवारी
डॉक्टरांचे हुकूम: खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. पायात मांडीपर्यंत घट्ट मोजे. उठायच्या आधी हाक मारायची. सूनबाई सुचिता म्हणते, बाबा, आंगनात जायाचं असन तं मले सांगा. स्वतःच्या अंगणाला परवानगी!

१२ जानेवारी
जुन्या शाळेचं निमंत्रण! सव्वीस जानेवारीला माझी झऱ्याची कविता. सुचिता म्हणे, खुर्चीवर बसून म्हना. आमच्या गुरुजींपुढे बसून कविता म्हणणाऱ्याला छडी मिळायची. उभ्यानंच म्हणणार, हाताची घडी घालून.

१९ जानेवारी
सराव. नवव्या ओळीला समोरचा गोठा हिरवा दिसला, मग एकदम जमीन. बायको गोजर ओरडली, काऊन जीवावर उठले हो, पडसान तं कोन उचलन तुमाले? मी सांगितलं, ओळ आठवायला बसलो. तिनं सुपातून मान वर न करता पुढची ओळ सांगितली. शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं. पन्नास वर्षं ऐकतेय. मला आठवतच होती.

२४ जानेवारी, सकाळ
दोन तांबे पाणी पिऊन दोन मिनिटं पाच सेकंद उभा! कविता एक मिनिट पन्नास. पंधरा सेकंद नमस्काराला शिल्लक. मोजे धोतराखाली शोभत नाहीत, काढणार. डॉक्टर चुकले.

२६ जानेवारी, दुपार
हिशेबात झेंडावंदन धरायचं राहिलं. सुचितानं खुर्ची सरकवली, पण राष्ट्रगीताला कोण बसतं? सावधान. पाय तसूभर हलवला नाही. मग राज्यगीत. मग प्रतिज्ञा. अर्ध्यावर सगळा झेंडाच हिरवा झाला.

डोळे उघडले तर चौथीचा वर्ग. मी सतरंजीवर, पाय खिचडीच्या तांदळाच्या पोत्यावर, शेजारी सुचिता. बाहेर माइकवर माझी कविता सुरू होती. आवाज गोजरचा. सोळाही ओळी, एक चूक नाही. माझ्याच खुर्चीवर बसून म्हटली म्हणे. छडी कुणी मारली नाही.

टाळ्या वाजवायला सगळे उभे राहिले.

मी सोडून.