पाठमोरा पाहुणा

३ नोव्हेंबर, सोमवार

लागले एकदाची कामाला! ऑफिस सावेडीत आहे. खाली टाईल्सचं दुकान, वर आम्ही. जिन्यात फरशांचे नमुने रचलेले असतात, अंग चोरून चढावं लागतं. पण वर पोचलं की एसी, फिरती खुर्ची आणि चहाचं मशीन. शेवगावातून आलेल्या मुलीला आणखी काय हवं?

आमच्या साहेबांना सगळे राम सर म्हणतात. त्यांनी पेढा दिला आणि काम समजावलं. इंग्लंडमधली एक कंपनी आहे. तिकडची माणसं देश सोडून दुसरीकडे राहायला निघाली की त्यांचं घरसामान बांधून जहाजानं पोचवते. ट्रक, पेट्या, हमाल सगळं तिकडे. पण सामान किती भरेल, कंटेनर केवढा लागेल, याचा अंदाज आम्ही नगरात बसून बांधतो. गिऱ्हाईक मोबाईलवर घर दाखवत फिरतं. आपण बघायचं आणि प्रत्येक वस्तूला विचारायचं, हे न्यायचं की ठेवायचं? त्यांची सकाळ ती आपली दुपार, म्हणून ड्यूटी अडीचला सुरू.

आईला फोन केला. ती आमच्या पिठाच्या गिरणीत होती, पट्ट्याच्या आवाजात अर्धंच ऐकू गेलं. ओरडून म्हणाली, "म्हंजी लोकांची घरं बघायची अन् पगार घ्यायचा? बरंय की गं!"

१२ नोव्हेंबर, बुधवार

काम अवघड नाही, पण माणूस दमतो. दिवसभर दुसऱ्यांच्या बेडरूम, दुसऱ्यांची कपाटं. आज एका म्हाताऱ्याला अंगणातला बाक न्यायचा होता, बायको त्यावर बसायची म्हणून. मी सांगितलं, नेता येईल, पण पायांना माती राहिलेली ऑस्ट्रेलियात चालत नाही, घासून धुवावा लागेल. त्यानं बाकावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, राहू दे. दुसरं एक जोडपं वेगळं होतंय, त्यांचं एका दिव्यावरून माझ्यासमोरच जुंपलं. मी आपली यादीत आकडे भरत राहिले.

शेजारच्या टेबलावर संदीप बसतो. तो केडगावचा, इथे तीन वर्षं काढलीत. म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांनाच असं होतं, घरी गेलं की आपल्याही खोलीतलं सामान मोजावंसं वाटतं. मी हसले. रात्री खोलीवर येऊन खरंच मोजलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मला शिकण्यासाठी जुन्या सर्व्हेची, म्हणजे अशाच घरं बघण्याच्या कॉलची, रेकॉर्डिंग बघायला दिलीत. सगळी हर्षल नावाच्या मुलाची. माझ्या आधी या टेबलावर तो होता. काम छान करायचा. आवाज मऊ, कुणाला घाई करायचा नाही.

एका घरात मागच्या खोलीत एक माणूस बसलेला दिसला. पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्याकडे पाठ. अंगात तपकिरी कोट, पायांत बूट, मांडीवर पिशवी. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तसा. मला वाटलं, घरातले आजोबा असतील.

नंतरचं घर दुसऱ्याच गावातलं, दुसऱ्याच कुटुंबाचं. तिथेही तोच. कोटाची कॉलर उजवीकडून आत दुमडलेली, तीही तशीच. घरातली बाई त्याच्या पुढून गेली, खिडकीचे पडदे दाखवले, परत आली. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तो आणखी काही घरांत आहे. सगळ्या नाही. जिथली माणसं फार दमलेली वाटतात, तिथे हटकून असतो.

आज हर्षलचं शेवटचं रेकॉर्डिंग बघितलं. घर जवळजवळ रिकामं. बाईनं सगळं दाखवून झालं आणि शेवटी मागची खोली उघडली. हा तिथे बसलेला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत हर्षलचा चेहरा दिसत होता, अगदी ओढलेला. तो एकदम मराठीत बोलला. हळूच, आपण दारात आलेल्या माणसाला म्हणतो तसं. "दमला असाल. या कधी आमच्याकडे."

बाई गोंधळली, काय म्हणालात म्हणून विचारायला लागली. आणि तो माणूस हलला. पहिल्यांदाच. पिशवी उचलून उभा राहिला. पुढे रेकॉर्डिंग नाही.

संदीपला दाखवलं. त्यालाही दिसला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, त्या दिवशी हर्षलला मराठीत बोलताना ऐकून आम्ही सगळे खदाखदा हसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही. राम सरांना विचारलं, तर आजारी आहे एवढंच सांगून त्यांनी विषय बदलला.

३० नोव्हेंबर, रविवार

संदीपच्या गाडीवर बेलापूरला जाऊन आले. हर्षलचं घर प्रवरेच्या अंगाला, उसाच्या कडेला आहे. त्याची आई, गोजरबाई, आम्हाला बघून रडायलाच लागल्या. "रिपोर्ट समदे चांगले हायेत. पर पोरगं उठत न्हाई. दमलोय म्हनतो. आरं, कशानं दमला बाबा? बसूनच तर ऱ्हातोस दिसभर!"

हर्षल आतल्या खोलीत लोखंडी पलंगाच्या कडेला बसला होता. रेकॉर्डिंगमधल्या मुलाचा निम्मा उरलाय. त्याच्या शेजारी गादीला खळगा पडलेला होता, कुणी बसल्यावर पडतो तसा. तिथे कुणी नव्हतं.

मी बघितलेलं सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला. "त्याला कुठं जायचं नाही. वाट बघत मागं मागं फिरतो. ठाण मांडायला मात्र कुणी तरी या म्हणायला पाहिजे. मला वाईट वाटलं गं त्याचं. म्हटलं आणि आला." पुढे म्हणाला, "तू म्हणू नको. तुझ्या घरच्यांना म्हणू देऊ नको."

त्याला दम लागला, मग आम्ही उठलो. गोजरबाईंनी चहा दिला, तो कसाबसा प्यायलो. निघताना हर्षल दारातून बाहेर बघत होता. माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याशेजारी.

येताना राहुरीपर्यंत गाडी ओढत नव्हती. तिघं बसल्यासारखी. संदीप उतरून टायर बघायचा, हवा बरोबर असायची.

५ डिसेंबर, शुक्रवार

लिहायचा कंटाळा येतो हल्ली. झोप होते, तरी अंग उठत नाही. पण हे लिहायलाच हवं.

संध्याकाळच्या चहाला आईचा व्हिडिओ कॉल आला. गिरणी बंद करून, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनीच समोर बसली होती. हुरड्याला रविवारी ये म्हणत होती. मामाच्या रानात ज्वारी भरलीये. बोलता बोलता थांबली आणि डोळे बारीक करून माझ्या मागे बघायला लागली.

"तुझ्या मागं कोन बसलंय गं? आमच्याकडं पाठ करून?"

मी वळले. माझ्या मागे रिकाम्या खुर्च्या होत्या, बाकी सगळे खाली टपरीवरच्या चहाला गेलेले. मी म्हटलं, कुणी नाही आई, तू फोन ठेव. ती हसली. "लई दमल्यावानी दिसतंय मानूस. लाजायचं काय त्यात? त्यांना बी आन हुरड्याला. अहो, या आमच्याकडं, घरच हाय —"

मी बोट दाबून फोन तोडला. पण शब्द गेला होता.

लगेच परत लावला. आईनं उचलला. गिरणी झाडत होती, चांगली होती. मी का फोन तोडला म्हणून रागावली. तिला सगळं सांगितलं असतं, पण काय सांगू? येईन एवढंच म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

जाणार होते. सकाळी उठवेचना. अंथरुणातूनच आईला फोन केला. ठीक आहे. उद्या जाईन. नाही, उद्या काम आहे. संध्याकाळपर्यंत पडूनच.

८ डिसेंबर, सोमवार

आज उठल्यावर अंग हलकं होतं. कितीतरी दिवसांनी. ऑफिसात पोचले तर संदीप पेढे वाटत होता. गोजरबाईंचा फोन आला होता, हर्षल उठला! आपण होऊन अंघोळ केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, नदीवर फिरून आला. ऑफिसात सगळे टाळ्या वाजवत होते. राम सरांचेसुद्धा डोळे भरून आले.

पेढा माझ्या हातातच राहिला. हर्षलकडून उठला, माझ्याकडूनही उठला, तर मग तो बसलाय कुठे?

आईला फोन लावला. खूप वेळ वाजला. मग तिचा आवाज. मागे गिरणीचा पट्टा नाही, काही नाही.

"पाव्हनं आलेत गं तुझ्या हाफिसातलं," आई म्हणाली. "च्या दिला, घेत न्हाईत. कोट बी काढत न्हाईत. मी बसलेय जरा त्यांच्यापाशी. एकट्याला कसं बसवायचं?"

माझी आई कुणापाशी बसत नाही. बाबा गेले त्याच्या तेराव्यालासुद्धा ती बसली नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

पहाटेच्या गाडीनं मिरीमार्गे शेवगाव. गिरणी बंद. ओट्यावर बायका बाजरीचे डबे घेऊन खोळंबलेल्या. त्यांतल्या शेजारच्या कडूबाई म्हणाल्या, कालपासून हाका मारतोय, तुझी आई आतून नुसतं व्हय व्हय म्हनती.

मागच्या खोलीत, कॉटच्या कडेला, दोन पाठी. एक आईची. दुसरी तपकिरी.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांना तो दिसलाच नाही. आईचा बीपी बघितला, थकवा आहे म्हणाले, गोळ्या देऊन गेले.

आईला उठवायला गेले. दंडाला धरलं तर बाजरीचं पोतं. हलेना. ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, तू बी बस की.

१० डिसेंबर

आई जेवत नाही. पाणी ओठांतून ओघळतं. हर्षल तरणाताठा होता, म्हणून निभावला. ही किती दिवस —

तो नुसता बसतो. रागवत नाही, काही मागत नाही. कॉलर दुमडलेली. ती सरळ करावीशी वाटते मला. हेच भयंकर आहे.

दुपारी राम सरांचा व्हिडिओ कॉल. न सांगता का गेलीस म्हणून ओरडत होते. माझ्या डोक्यात आलं, फोन नुसता वळवायचा. सर भेटेल त्याला या म्हणतात, सवयच आहे त्यांना. पाहुणे दिसले की म्हणतील, अरे वा, या कधी ऑफिसला. संपलं. आई सुटेल.

फोन अर्धा वळवलाही. सरांच्या मागे पार्टिशनवर त्यांच्या मुलींनी काढलेली चित्रं चिकटवली आहेत. हत्ती. घर. सर विचारत होते, काय दाखवतेयस?

काही नाही म्हणाले. बंद केला.

आता दुसरा उपाय एकच.

११ डिसेंबर

सकाळी म्हटलं. त्याच्या पाठीमागे उभी राहून. दमला असाल. आईला सोडा. माझ्याकडे या.

तो उठला. पिशवी खाली लोंबली, रिकामी होती. वळायला लागला तशी मी डोळे घट्ट —

आई उठली! झोपेतून उठावी तशी. अगं बाई, किती ऊन वर आलं म्हणाली, पदर खोचला, ओट्यावरच्या बायकांना दोन शिव्या घातल्या. गिरणी सुरू. पट्ट्याचा आवाज. मी भिंतीला टेकून रडले, बरं वाटून.

मग जरा बसले. हे लिहायला.

शेजारी गादी दबली.

गार नाही. वास नाही. खांद्याला खांदा. नुसतं जड. पाय माझे कुठे संपतात ते —

आई हाका मारतेय. निकिता, जेवून घे. येते म्हटलं. म्हटलं का? ऐकू गेलं नसेल, गिरणी

एक राहिलं. आईला माहीत नाही कशानं ती सुटली. सांगायला हवं होतं. मला असं बघून ती म्हणेलच. ती कुणालाही

आई, ही वही वाच. माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याकडे तर

पट्टा थांबला. ताट घेऊन येतेय. बांगड्या वाजतायत.

दारात आहे. त्याच्याकडे बघून हसतेय. तोंड उघडत नाही माझं, हात फक्त — आई नको — आई, या म्हणू न