शनिवारी समुद्र खवळलेला राहील

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी नियमित. सबबी सांगणार नाही. सबबी सांगायला ऑफिस आहे.

दुपारी आठवड्याचा अंदाज लिहिला. महानगर आणि किनारपट्टी: आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत. सातही दिवस. हवामान खात्यात इतका सोपा आठवडा क्वचितच मिळतो. बुलेटिन चार ओळींत आटोपलं. उरलेल्या वेळात टेबल आवरायचं ठरवलं. चहा घेतला.

घरी सासरे आलेत. त्यांचं घर रिकामं झालं, सामान पुढे गेलं. येत्या सोमवारी ते थोरल्या मेहुणीकडे कायमचे राहायला जाणार. तिचं घर तळमजल्यावर आहे. आमचं तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. यात माझा काही दोष नाही. लिफ्टबद्दल बोलतोय.

मेहुणीच्या गावाहून समुद्र म्हणजे रेल्वेचा अख्ख्या दिवसाचा प्रवास. आणि सासऱ्यांचं सगळं आयुष्य बंदरात टगबोट चालवण्यात गेलं. जेवताना म्हणाले, जाण्याआधी एकदा दीपस्तंभापर्यंत बोटीतून जाऊन यायचंय. त्यांच्या जुन्या दोस्ताची बोट आहे. शनिवार ठरला. बरोबर कोण, तर मी. दोन्ही जावयांत समुद्र कळणारा हाच, असं ते चारचौघांत सांगतात. मी हो म्हटलं. फारच उत्साहाने म्हटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

इथे लिहायला हरकत नाही: मला बोट लागते. धक्क्याला बांधलेलीसुद्धा लागते. लग्नाआधी सासऱ्यांनी एकदा फिरवून आणलं होतं, तेव्हा मी सगळा वेळ मागच्या टोकाला वाकून होतो. लाटांचा अभ्यास करतोय, असं त्यांना वाटलं. तो गैरसमज मी दूर केला नाही. आता लग्नाला बारा वर्षं झाल्यावर दूर करणं बरं दिसत नाही.

ठराव: आज संध्याकाळी खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं.

संध्याकाळ: सांगायला गेलो तर ते बोटीत घालायचे जुने बूट पुसत बसले होते. मला चिंधी दिली. मी डावा बूट पुसला.

५ नोव्हेंबर, बुधवार

शनिवारचा वारा थोडा वाढवला.

थोडाच. संगणकाचं मॉडेल ताशी दहा-बारा किलोमीटर दाखवत होतं, मी चाळीस लिहिलं. खाली एक ओळ टाकली: समुद्र खवळलेला राहील, लहान बोटींनी जाऊ नये. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं की हा वारा कुठून आला. मी म्हटलं, अनुभवातून. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. साहेबांनी न वाचता सही केली.

तसं पाहिलं तर यात कुणाचंच नुकसान नाही. म्हातारा माणूस, गुडघे धड नाहीत, बोटीत चढताना पाय घसरला तर? मी एका परीने काळजीच घेतली.

घरी बुलेटिनचं सांगितलं. सासऱ्यांनी पुसलेले बूट परत पिशवीत ठेवले. मग म्हणाले, जावईबापू म्हणतायत म्हणजे वारा येणारच. आपल्या मुलीला म्हणाले, बघ, घरचा माणूस असला की वेळेवर कळतं.

जेवण गेलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ठराव: वारा गुपचूप खाली आणायचा. आज तीस, उद्या वीस, शनिवारी मंद झुळूक. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

साहेबांच्या लक्षात आलं. ते वाचत नाहीत, पण आकडा कमी झालेला त्यांना लांबून दिसतो. म्हणाले, इशारा चढवताना कुणी विचारत नाही, उतरवताना सगळे विचारतात. उतरवायचा तर कारण लिहा आणि खाली तुमची सही करा. कारण काय लिहू? मी म्हटलं, राहू द्या. त्यांनी खबरदारी म्हणून पन्नास केला आणि इशारा रविवार रात्रीपर्यंत लांबवला.

 बाईंनी नुसता मॉडेलचा नकाशा माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी त्यावर चहाचा कप ठेवला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठी बातमी! दक्षिणेच्या ऑफिसनेही शनिवारचा वारा वाढवलाय. उत्तरेच्याही! म्हणजे मी उगाच मनाला लावून घेत होतो. तीन-तीन ऑफिसं सांगतायत म्हणजे काहीतरी असणारच. अनुभव अनुभव म्हणतात तो हाच. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुपारी दक्षिणेच्या ऑफिसला फोन केला, सहज, त्यांना कशावरून वाटलं ते विचारायला. म्हणाले, तुमच्यावरून. उत्तरेला फोन केला नाही.

संध्याकाळी टीव्हीवर आमचं बुलेटिन, आणि मागे कुठल्यातरी जुन्या वादळात कोसळणारी झाडं. फेरीबोटी बंद. शाळांच्या सहली रद्द. मासेमारीच्या बोटी धक्क्याला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कुंड्या आत घेतल्या, माझ्याही घेतल्या, आणि वर येऊन आभार मानले.

बायकोने विचारलं, चेहरा असा का. म्हटलं, जबाबदारी.

८ नोव्हेंबर, शनिवार

समुद्र शांत. इतका शांत की बघवत नाही.

आमच्या बाल्कनीतून दोन इमारतींच्या मधून समुद्राची पट्टी दिसते. सासरे सकाळपासून तिथे खुर्ची टाकून बसले. मला वाटलं, बोट हुकली म्हणून बसलेत. पाणी द्यायला गेलो तेव्हा कळलं, ते वाऱ्याची वाट बघतायत. तो यावा म्हणून. म्हणाले, अजून दिवस बाकी आहे, काळजी करू नका.

दुपारी त्यांच्या दोस्ताचा फोन आला. तो माझ्या खात्याला काय काय बोलला ते मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू आलं. सासरे त्याच्यावर चिडले. म्हणाले, वारा वर्दी देऊन येतो का, चुकून आला असता तर तुझी बोट कुणी भरून दिली असती. आजवर मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. माझ्यासाठी चढला.

ते जेवायलाही आत आले नाहीत. ताट बाल्कनीत नेलं. अंधार पडल्यावर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वारा बाहेरूनच निघून गेला असेल, होतं असं. मला समजावत होते. ते मला समजावत होते! मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

ठराव: उद्या सकाळी उठल्याउठल्या सगळं सांगायचं आणि त्यांना बोटीतून न्यायचं. जे व्हायचं ते माझ्या पोटाचं होईल.

९ नोव्हेंबर, रविवार

उठल्याउठल्या म्हटलं, बाबा, आजच जाऊ या. सांगायचं होतं त्यातलं हे अर्धं. उरलेलं अर्धं बोटीत सांगणार होतो. त्यांनी एका मिनिटात बूट घातले. तिन्ही जिने कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत उतरले. मी पिशवी आणि लिंबू घेतलं होतं.

धक्क्यावर पोलीस उभा. बंदर बंद, इशारा आज रात्रीपर्यंत. मी म्हटलं, समुद्र तर बघा. तो म्हणाला, समुद्राचं आम्हाला सांगू नका, हवामानवाल्यांचा कागद आणा.

बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, काढतो इशारा, मुळात का लावला होता तेवढं दोन ओळींत लिहून पाठवा. मोबाईल काढला, लिहायला बसलो. शनिवारचा वारा मी, एवढं लिहिलं. पुढे प्रमोशनची यादी डोळ्यांसमोर आली, घराचे हप्ते आले, बाई आल्या. खोडलं.

सासरे भिंतीला टेकून उभे होते. समोर त्यांच्या दोस्ताची बोट, दोराने बांधलेली, हलतही नव्हती. त्यांनी तिच्या कडेवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला. म्हणाले, नियम म्हणजे नियम, तुमचा तरी काय इलाज.

रिक्षात त्यांनीच लिंबाचं काय म्हणून विचारलं. म्हटलं, घरात संपलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या गाडीने सासरे गेले. डब्यात समोरच्या माणसाला माझी ओळख करून दिली. शनिवारी यांनीच थांबवलं, असं अभिमानाने सांगितलं. गाडी हलल्यावर बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, तुला काही बोलायचंय का. मी म्हटलं, ऑफिसला उशीर होतोय.

आठवड्याचा नवा अंदाज लिहिला. आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत. सातही दिवस. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. साहेबांनी न वाचता सही केली.

संध्याकाळी मेहुणीच्या घरून फोन. सासरे सुखरूप पोचले. खोली चांगली आहे, खिडकीतून समोरची भिंत दिसते. आमचं बुलेटिन त्यांनी तिथेही मोबाईलवर उघडून घेतलंय. म्हणाले, आठवडाभर समुद्र शांत लिहिलंय तुम्ही, नक्की ना? रोज सकाळी डोळे मिटून दीपस्तंभापर्यंत जाऊन यायचं म्हणतोय, तुम्ही सांगाल तर निघतो.

बघून सांगतो म्हटलं. मॉडेलचा नकाशा समोरच होता.