एका तारेवर दोन टाक्या

४ मे ७४
दिवसभर डोकं फिरलेलं. टाकी भरल्याची घंटा पंपघरात वाजली. खालची टाकी भरली की वरची, कळणार कसं? दोन्हींची तार एकच, घंटा एकच. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून वरच्या टाकीकडं सायकल हाणली. वरची अर्धी रिकामी. तिथला राखणदार शंकर, पलटणीत सिग्नलला होता, नुसता हसला. मला नाही आलं हसू.

७ मे
पाणी सोसायटीचे चेअरमन तात्या. त्यांच्याकडं वरच्या टाकीला वेगळी तार मागितली. त्यांची सगळी जमीन खालच्या टाकीवर, त्यांचं काय अडतंय.
"एका तारंवर दोघं बोलत्यात न्हवं? मग दुसरी कशाला?"
घरी येऊन ताट सारलं. राग बायकोवर निघाला. उगाच.

१० मे
शंकरनं उपाय काढला. टाकी भरली की बोया तरंगून घंटा वाजवतो. वरचा बोया काढून तो हातानं बटण दाबणार. दोन टोले म्हणजे वरची. पलटणीत एका तारेवर चार ठाणी अशीच बोलायची म्हणे, पण एक बोलताना बाकीच्यांनी गप्प बसायचं. खालच्या बोयाला हे कोण शिकवणार? तिथंही माणूस बसवा म्हटलं. तात्या नको म्हणाले.

१९ मे
खालची भरली, घंटा सुरू. तिचा व्हॉल्व्ह बंद केला, सगळा जोर वरच्या टाकीकडं. पण खाली पाणी उतरेपर्यंत बोया वरच, घंटा ठणठणतेच आहे. त्यात शंकरचे दोन टोले कुठले ऐकू येतायत. दाबून दाबून शेवटी तो पळत आला. तोवर वरची टाकी भरून वाहिलेली. खालीच अक्काचं रान. माझी थोरली बहीण. परवा लावलेली हळद मातीसकट ओढ्यात.
चिखलातनं बेणं वेचत होती. जवळ गेलो तर म्हणाली, "तू जा. पंप बघ."

२१ मे
बैठक. ऑपरेटर झोपला असंल, तात्या म्हणाले. मी उठलो, शंकरनं दंड धरला. अक्का दारात उभी होती.
"जागा हुता का झोपला हुता, ऱ्हाऊ द्या. दोगं एका टायमाला बोलाय लागलं तर ऐकायचं कुणाचं, त्ये सांगा तात्या."
तात्यांनी चहा मागवला. चहा!

२२ मे
सकाळपासून पंप बंद. दुसरी तार पडल्याशिवाय चालू करणार नाही, निरोप धाडलाय. नोकरी जाईल. दोन्हीकडचा ऊस वाळेल, अक्काचाही. शंकर म्हणतो, दोन दिवस दम धर. धरलाच होता की.
तात्या येतायत बांधावरनं. मागं सातआठ जण. एकाच्या खांद्यावर काहीतरी आहे. तारेचं वेटोळं की काय, इथनं नीट दिसत नाही