आत्याच्या चष्म्याचं घर

रविवार, संध्याकाळ. नेरळ.

असं कसं झालं?

कुंभिवलीला चुलतभावाच्या फार्महाऊसवर आमच्या घरच्यांची पोकरची स्पर्धा होती. शेवटी उरलो आम्ही दोघीच, मी आणि आत्या. जिंकेल तिला गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत जागा. माझ्या हातात दोन राजे, आणि टेबलावर मध्ये, दोघींना धरता येईल असा, उघडा पडलेला एक्का. आत्याने आपल्या दोन पानांवर चष्म्याचं घर ठेवलं होतं. ते जरासुद्धा न हलवता तिने पैजेच्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या.

"सगळं लावलं गं."

भिडू की सोडू? पाच मिनिटं तिचा चेहरा वाचत बसले. भीती नाही, आनंद नाही, काहीच नाही. इतकी शांत, म्हणजे दुसरा एक्का हिच्याकडेच, एक्क्यांची जोडी! मी राजे पालथे टाकून डाव सोडला.

तेव्हा कुठे आत्याने घर उघडलं, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पानं उचलली. दुर्री आणि सत्ती!

"आत्या, यावर सगळं लावलंस?"

"मी कुठं बघितली पानं? आपल्यात गोकुळाष्टमीला तीन पत्ती खेळताना ब्लाइंडच जातात नाय का गं!"

चेहऱ्यावर दिसणार काय, कपाळ? तिलाच माहीत नव्हतं. आणि चष्मा पाच मिनिटं माझ्या नाकासमोर, घरात!

पुढच्या दोन डावांत मी संपले. निघताना आत्याने विचारलं, "तुझ्याकडं काय व्हतं गं तेव्हा?"

"काही नव्हतं."

तिला खरं वाटलं. दिवसभरातली माझी एकच थाप, तीही हरल्यावर.